अर्ध्या बोटाचा रंधा

आईचा रंधा माझ्या हातात बसत नाही.
अक्रोडाएवढा आहे, पितळेचा,
तळ होडीच्या पोटासारखा बाहेर आलेला,
आणि माथ्यावर एक खळगी,
तिच्या उजव्या तर्जनीची,
जी दुसऱ्या पेरापाशीच संपते.
पुढचं बोट फॅक्टरीतल्या पट्टाकरवतीनं नेलं.
मी तेव्हा तीन वर्षांची.
भरपाई म्हणून पंधरा दिवस सुटी मिळाली
आणि साखरेचं एक पोतं.
साखर मला आठवते.

त्या खळगीत माझं बोट घातलं
की पेर आडवं येतं, रंधा कलतो,
पात्याचा कोपरा मेपलमध्ये रुततो
आणि चार दिवसांची पाठ
एका ओरखड्यात जळणात जमा.

रेगिनमध्ये घरटी एक माणूस तिथं होतं.
गुर्गिऊच्या डोंगरावरून लाकूड खाली यायचं,
कुणी माना कोरायचं, कुणी खुंट्या,
शेजारच्या बाकावर फ्लोआरेया पोटं कोरायची,
आईकडे पाठी.
एकतीस वर्षं नुसत्या पाठी.
दोघींनी किती व्हायोलिनं केली, मोजदाद नाही,
आणि एक पुरं व्हायोलिन
दोघींनीही कधी केलं नाही.

मला पुरं करायचं होतं.
म्हणून आधी रंधा.

अंगणातला आलुबुखार मागच्या हिवाळ्यात वाळला होता,
त्याचा ठोकळा कापला, कोरला, पोखरला.
पात्यासाठी कुलूपवाल्या सिलामेरकडे गेले.
त्यानं तुटक्या पट्टाकरवतीचा बोटभर तुकडा दिला,
फॅक्टरीतलाच.
मी विचारलं, तीच का रे ही?
तो म्हणाला, ती कधीच वितळली, वेडे,
तिच्या सळया होऊन कुणाच्या तरी घरात गेल्या.
विचारायला नको होतं.

पातं लाल केलं, लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत,
आणि सूर्यफुलाच्या तेलात बुडवलं.
अंगणभर तळणाचा वास.
शेजारची पोरं कुंपणाला लोंबकळून विचारत होती,
काय तळताय?
मग पुन्हा शेगडीवर, हळू,
वाळल्या गवताचा पिवळा चढेपर्यंत.
पोरांना उत्तर द्यायला मान वळवली
तेवढ्यात पिवळ्याचा जांभळा, जांभळ्याचा निळा.
पाणी उतरलं.
दुसऱ्यांदा कुणाशी बोलले नाही.

तळाला बाक द्यायला दोन संध्याकाळी गेल्या.
कानशीनं घासायचं, काजळी फासलेल्या साच्यावर ठेवायचं,
काळं लागेल तेवढंच पुन्हा घासायचं.
पाचर तीनदा केली.
पहिली सैल, दुसरी फुटली,
तिसरी बसली तेव्हा असा आवाज आला
जसं जेवणघरातलं कपाट नीट बंद होतं.

पहिली ढलपी निघाली ती पूर्ण नव्हती,
मध्ये तुटलेली, एका बाजूला जाड.
तरी मी ती खिडकीत ठेवली.

आई चुलीशी बसलेली असते हल्ली,
डोळ्यांना फक्त उजेड कळतो.
तिच्या हातात रंधा दिला.
तिनं आधी वास घेतला. म्हणाली, आलुबुखार.
मग तळावरून ते अर्धं बोट फिरवलं,
पाठीची जाडी बघायची तसं,
दाबत, थांबत, परत मागे येत.
त्या बोटाला उरलेल्या नवांपेक्षा जास्त कळतं
हे फ्लोआरेयासुद्धा सांगायची.
पात्यापाशी बोट थांबलं.

“तोंड फार उघडं आहे,” ती म्हणाली.
“तुझ्यासारखंच.”

मी तोंडात लाकडाची चिप चिकटवली,
केसभर फट ठेवली,
आणि सरस वाळेपर्यंत
दोघी चुलीशी बसलो, न बोलता.
माथ्यावर खळगी मी अजून कोरलेली नाही.